फेरेटचा उपास रात्रीपासून नको, सुईपासून उलटा मोजा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची साडेपाच वर्षांची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव मांसाहारी प्राणी) गेले दोन आठवडे झोपेतून उठली की मागचे पाय ओढते, मधेच थबकून कुठेतरी टक लावून बघत राहते, आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा काही झालंच नाही अशी धावायला लागते. पशुवैद्यांना रक्तातली साखर उतरत असल्याचा संशय आहे. परवा सकाळी ११ ला रक्त काढायचं आणि त्याच भेटीत पोटाची सोनोग्राफी करायची, असं ठरलंय. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, "रात्री दहानंतर काही देऊ नका." तुम्ही मात्र कुठेतरी चार तासांचा आकडा वाचलाय. म्हणून विचारताय, की दहापासून उपाशी ठेवू की नको, आणि नाही ठेवलं तर तपासणी फुकट जाईल का.

उत्तर आधी देते, कारणं मागून. १३ तास उपाशी ठेवू नका. अशी लक्षणं असलेल्या फेरेटला तीन ते चार तास पुरतात, आणि तेही जमलं तर दवाखान्यातच, कुणाची तरी नजर असताना. पण दवाखान्याला न सांगता हे परस्पर करू नका. उद्याच फोन करून पशुवैद्यांशी थेट बोला. "रात्री दहानंतर काही नको" हे वाक्य बहुधा त्यांचं नसतंच. कुत्र्या-मांजरांच्या भुलीसाठी ते फोन घेणाऱ्याच्या तोंडी बसलेलं असतं. दिवसातून वीस जणांना तेच सांगायचं, त्यात एखादा फेरेट कुत्रा म्हणून निघून जातो.

खरा गुंता तासांचा नाही. उपास कशासाठी, हे नक्की झालं की तास आपोआप ठरतात. तुमच्या एका भेटीत तीन कारणं एकत्र आली आहेत. गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. सोनोग्राफीत स्वादुपिंडाचा भाग नीट दिसायला जठरात अन्न आणि हवा नको. आणि उपाशीपोटी साखर कुठपर्यंत खाली जाते ते बघायचंय. पहिल्या दोन कारणांपुरता उपास म्हणजे तयारी. तिसऱ्या कारणासाठी तो उपासच तपासणी आहे. शेवटचा घास गिळला की ती सुरू होते आणि सुई टोचली की संपते. अशी तपासणी घरच्या पिंजऱ्यात, मध्यरात्री, तुम्ही गाढ झोपलेले असताना चालू राहणं मला पटत नाही.

आता हा आकडा एवढा लहान का, ते सांगते. फेरेट पक्का मांसाहारी. त्याचं आतडं आखूड, आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर इतर बऱ्याच प्राण्यांना असते ती अंधांत्राची पिशवी त्याला नसतेच. प्रौढ फेरेटने खाल्लेलं साधारण तीन-चार तासांत पार बाहेर पडतं. तुम्ही रोज बघत असाल: उठला, वाटीतले चार घास खाल्ले, कोपऱ्यात जाऊन आला, दहा मिनिटं धुडगूस घातला, पुन्हा पिंजऱ्यात टांगलेल्या झोळीत. दिवसातून सात-आठ वेळा, कधी दहा वेळा हेच चक्र. म्हणजे चार तासांत जठर रिकामं होतं. त्यापुढे भूल काही जास्त सुरक्षित होत नाही, नुसती भूक वाढत जाते. फेरेट उलटी करू शकतो, त्यामुळे भुलीआधी अजिबात उपास नको असंही म्हणता येत नाही. पण रात्रभर उपाशी ठेवण्याचं कारण त्याच्या पोटात सापडत नाही.

आणि तुमच्या फेरेटच्या बाबतीत ते कारण उलट बाजूला आहे. ज्या आजाराचा संशय आहे तो इन्शुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची गाठ. चार वर्षं ओलांडलेल्या फेरेटमध्ये हा आजार वरचेवर दिसतो. एरवी साखर उतरायला लागली की शरीर इन्शुलिन आवरतं घेतं आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. गाठ कुणाचं ऐकत नाही. साखर कमी असो की जास्त, ती इन्शुलिन सोडत राहते. फेरेट थोड्या थोड्या वेळाने खातो, त्यामुळे दिवसभर हे झाकलं जातं. खाणं आणि गाठ यांची रस्सीखेच कशीबशी बरोबरीत सुटते. लांब झोप झाली की खाणं मागे पडतं. म्हणून तुम्हाला लक्षणं झोपेतून उठल्यावर दिसतात. जी रस्सीखेच चार-पाच तासांच्या झोपेत हरली जाते, ती १३ तासांत कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसची पहिली दोन-तीन वर्षं मीही फेरेटवाल्यांना "रात्रीचं जेवण शेवटचं" असंच सांगत असे. सहा वर्षांचा एक नर आला होता, तक्रारी जवळपास तुमच्यासारख्याच. सकाळी टेबलावर पेटीचं दार उघडलं तर हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले, एक पुढचा पंजा तोंडाशी खरवडतोय, डोळे उघडे पण माझ्या बोटामागे फिरत नाहीत. ग्लुकोमीटरवर साखर ३१ आली, निरोगी फेरेटची ९० च्या वर असते. तपासणी राहिली बाजूला. शिरेत सुई घालून, त्याच्याकडे बघत बघत, हळूहळू डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं. वाचला तो. पण त्याच्या मालकीणबाई जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून गेलं नाही: पहाटे साडेपाचला त्यांनी हात लावून बघितलं होतं, तो सैल पडलेला होता, आणि त्यांना वाटलं, बरंय, झोपलाय, म्हणजे भूक तरी लागणार नाही. त्या दिवसापासून फेरेटच्या उपासाची वेळ मी फोनवर तोंडी सांगत नाही, लिहून देते.

माझी चूक नुसती तास जास्त सांगण्याची नव्हती. कुणी बघत नसताना उपास करायला लावला, ही होती.

आता, सगळ्या फेरेटना सगळ्या तपासण्यांसाठी तीन-चार तास, असा सरसकट नियम मी करणार नाही. तरुण, धडधाकट फेरेटची साधी रक्ततपासणी असेल तर उपास थोडा पुढे-मागे झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारासाठी (शेपटीपासून केस जायला लागतात तो) संप्रेरकांची तपासणी करतात, तिला उपास लागत नाही. लसीला तर नाहीच. पिल्लांना मी दोन तासांच्या वर उपाशी ठेवत नाही. त्यांच्याकडे साठवण फार थोडी असते. ज्याचं इन्शुलिनोमाचं निदान आधीच झालंय आणि औषध चालू आहे, त्याचा उपास फक्त दवाखान्यात. आणि जो फेरेट कालपासून नीट खातच नाहीये, त्याला आणखी उपाशी कशाला ठेवायचं? त्याचा उपास आधीच चालू झालाय. तो कधीपासून, तेवढं पशुवैद्यांना सांगा आणि लवकरात लवकर दाखवा, कारण फेरेटने खाणं सोडण्यामागे आतड्यात अडकलेला रबराचा तुकडासुद्धा असू शकतो.

तुमच्या फेरेटचा हिशेब मांडू. फोनवर पहिला प्रश्न "किती तास" हा नको, "रक्त नक्की किती वाजता काढणार" हा हवा. ११ ची भेट म्हणजे ११ ला सुई, असं क्वचितच घडतं. वजन, तपासणी, आधीचा रुग्ण लांबला, असं करत साडेअकरा-बारा सहज होतात. सकाळी ७ ला शेवटचं खाणं दिलं आणि रक्त १२ ला निघालं, तर तुम्ही न ठरवता पाच तास झाले. म्हणून शक्य तर दिवसातली पहिली वेळ मागा, नाहीतर आणखी चांगलं, तिला खाऊ घालून थेट दवाखान्यात न्या आणि उपास तिथेच होऊ द्या. मी स्वतः असंच करते: फेरेट सकाळी भरल्यापोटी येतो, आमच्याकडे पिंजऱ्यात राहतो, दर तासाला कुणीतरी उठवून बघतं, लागलं तर मधे एक थेंब रक्त ग्लुकोमीटरवर लावतं. दोन तासांतच साखर ६० च्या खाली गेली तर चार तास भरण्याची वाट बघायचं कारणच उरत नाही. नमुना घ्यायचा आणि खायला द्यायचं.

घरूनच उपास करून न्यायची वेळ आली तर शेवटचं खाणं तिने खरंच खाल्लं पाहिजे. नुसती वाटी समोर ठेवून भागत नाही. तिला पूर्ण जागं करा, चार पावलं चालू द्या, मग नेहमीचंच मांसाचं खाणं द्या. गोड काही नको. ना मध, ना गोड मॉल्ट पेस्ट. गोडाने साखर झपकन वर जाते, गाठ आणखी इन्शुलिन ओतते, आणि तासाभरात साखर आधीपेक्षा खाली येते. शेवटचा घास घेतला ती वेळ कागदावर लिहा. मग वाटी उचला. पाणी उचलू नका. फेरेटचं पाणी तपासणीसाठी तोडायचं नसतं, वाटेतही नाही. दुसरे फेरेट असतील तर त्यांना उपाशी ठेवायची गरज नाही, फक्त तिला वेगळं ठेवा. तिची चादर सोबत द्या, म्हणजे ती पिंजऱ्याचे गज चावत बसणार नाही.

आणि मग दडवलेला साठा शोधा. याकडे लोक हसून दुर्लक्ष करतात, पण फेरेट खाणं लपवतो हे तुम्हाला मी सांगायला नको. एकाच्या तपासणीत साखर ११२ आली. चार तासांचा उपास, लक्षणं मात्र ठळक. माझा विश्वास बसेना. मी मालकांना म्हटलं, घरी जाऊन त्याची झोळी उलटी करा. संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला: झोळीच्या शिवणीत त्याच्या कोरड्या खाण्याचे मूठभर दाणे, खाली चादरीच्या घडीत आणखी थोडे, आणि पिंजऱ्यामागे भिंतीलगत छोटा ढीगच. वाटी सकाळी उचलली होती, फेरेटने मात्र स्वतःची सोय केलेली होती. आठ दिवसांनी पुन्हा तपासलं, या वेळी रिकाम्या, धुतलेल्या पिंजऱ्यात ठेवून. तीन तासांतच ५४ आली. म्हणून झोळी, चादर, खेळण्यातला बोगदा, बुटांची रांग, सोफ्याखालचा कोपरा, सगळं बघा. सगळ्यात सोपं म्हणजे शेवटच्या खाण्यानंतर तिला सरळ प्रवासाच्या पेटीत, नव्या चादरीवर ठेवायचं.

त्या तीन-चार तासांत तुमचं काम एकच: तिला झोपेत सोडून द्यायचं नाही. फेरेट दिवसाचे १४-१५ तास झोपतो आणि झोपतोही असा, की उचलला तरी मेल्यासारखा लोंबकळतो. ही निरोगी फेरेटची गाढ झोपसुद्धा असते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. फरक उठवल्यावर कळतो. निरोगी फेरेट मिनिटभरात जांभई देतो, अंग झटकतो, तुमच्या हाताचा वास घेतो. साखर उतरलेला फेरेट डोळे उघडतो पण बघत नाही. हनुवटी ओली लागते, तो तोंडाशी पंजा मारतो, दात खातो, उभा राहिला तर मागचा भाग जमिनीवर बसतो. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने तिला उठवा आणि दोन-चार पावलं चालायला लावा. गाडीतही पेटी पायाशी नको, मांडीवर घ्या, आणि चालवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

यातलं काही दिसलं तर उपास तिथेच संपला. "आता अर्धा तासच राहिलाय" असा हिशेब करू नका. बोटावर किंवा कापूस लावलेल्या काडीवर थोडा मध नाहीतर साखरेचा दाट पाक घ्या आणि ओठ उचलून बाहेरच्या बाजूने हिरड्यांना चोळा. दातांच्या आत बोट घालू नका. शुद्ध हरपलेला फेरेट चावतो आणि जबडा सोडत नाही. तोंडात पातळ काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत नजर परत येते. ती नीट गिळायला लागली की लगेच मांसाचं खाणं द्या, कारण नुसत्या साखरेवर सोडलं तर ती वर जाऊन पुन्हा धाडकन उतरते. झटके येत असतील तर मध लावता लावताच दवाखान्याकडे निघा, थांबतील म्हणून वाट बघू नका. किती वाजता, काय दिसलं, मध लावल्यावर किती वेळाने सुधारली, हे सांगा. तुम्हाला वाटेल तपासणी वाया गेली, पण पशुवैद्यांसाठी ही मोलाची माहिती आहे. माणसांच्या वैद्यकात या गाठीसाठी ॲलन व्हिपल या अमेरिकी शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी तीन कलमी कसोटी आहे: साखर उतरल्याची लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं. तीच आम्ही फेरेटलाही लावतो. तिच्यातली दोन कलमं तुम्ही घरात डोळ्यांनी पाहिलेली असतील.

दवाखान्यातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल विचारायला लाजू नका. एक, रक्त काढताना फेरेटला गुंतवून ठेवायला पुष्कळ ठिकाणी तेल किंवा पेस्ट चाटवतात. युक्ती उत्तम आहे, मीही करते, पण साखरेच्या तपासणीत सुई निघाल्यावर. दोन, रक्ताची नळी किती वेळाने यंत्रावर जाते? तांबड्या पेशी नळीतही साखर खात राहतात. नुसत्या पडून राहिलेल्या नमुन्यात ती तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. टेबलावर ९२ असलेली साखर तीन तास उशिरा पोचलेल्या नळीत ७६ च्या आसपास दिसेल, आणि चांगल्या फेरेटवर उगाच आजाराचा संशय येईल. नमुना बाहेर पाठवायचा असेल तर रक्तद्रव लगेच वेगळा करतात किंवा साखर टिकवणाऱ्या फ्लोराइडच्या नळीत रक्त घेतात. तीन, गुंगी कोणती देणार? काही औषधांनी, विशेषतः मेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाच्या जातीच्या, इन्शुलिन दबतं आणि साखर वर जाते. आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूने फेरेटच्या तांबड्या पेशींचा आकडा बघता बघता खाली येतो, तो रक्तक्षय नसतो. दोन्ही वापरायला हरकत नाही, पण अहवाल वाचताना ते लक्षात ठेवावं लागतं. बरेचसे फेरेट नुसतं धरूनही रक्त देतात. ८०० ग्रॅमच्या मादीच्या अंगात रक्त सगळं मिळून ४०-५० मिलिलिटर असतं, त्यातलं एक-दोन मिलिलिटर पुरतं, तेव्हा त्या भीतीने झोप घालवू नका.

घरी माणसांचं ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचतो तसं फेरेटला टोचून स्वतः निदान करायला जाऊ नका. ही यंत्रं फेरेटच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. दवाखान्यातही त्यांचा उपयोग कल बघायला करतात, शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा.

आकडा हाती आल्यावर काय? उपाशीपोटी निरोगी फेरेटची साखर साधारण ९० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते (तुमचा अहवाल मिलिमोलमध्ये असेल तर १८ ने भागा, म्हणजे ५ ते ७). ७० च्या खाली संशय बळावतो. ६० च्या खाली आणि सोबत तुम्ही सांगितलीत तशी लक्षणं असतील, तर मी निदान धरून उपचारांचं बोलायला लागते. मधला ७० ते ९० चा पट्टा मात्र त्रासदायक. गाठ एकसारखं इन्शुलिन सोडत नाही, लाटा येतात. त्यामुळे एका दिवशी ८२ आली म्हणजे सुटलो असं नाही. काही दिवसांनी, पुन्हा नजरेखालच्या उपासात, तपासून बघावं लागतं. सोनोग्राफीत काही दिसलं नाही म्हणूनही निर्धास्त होऊ नका. या गाठी कित्येकदा काही मिलिमीटरच्या असतात आणि पोट उघडल्यावर बोटाला लागतात, पडद्यावर दिसत नाहीत. तरी सोनोग्राफी कराच, ॲड्रिनल, यकृत, प्लीहा यांची कल्पना त्याच वेळी येते. या वयात फेरेटना एकाच वेळी दोन आजार असणं नवलाचं नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारून ठेवते: तिला प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड आहे) किंवा दुसरं काही चालू आहे का? आधीच्या कुठल्या कारणाने असेल तर तपासणीच्या दिवशीची सकाळची गोळी द्यायची की नाही, हे पशुवैद्यांना विचारा, स्वतः ठरवू नका. स्टिरॉइड साखर वर धरून ठेवतं म्हणून "तपासणी खरी यावी" या विचाराने काही जण ते दोन दिवस आधीच बंद करतात. बराच काळ चालू असलेलं स्टिरॉइड एकदम तोडणं उपासापेक्षा जास्त धोक्याचं.

उद्याच्या फोनवर वाद घालायची गरज पडणार नाही. एवढंच म्हणा: "माझी फेरेट साडेपाच वर्षांची आहे, उठल्यावर मागचे पाय लुळे पडतात, तुम्हाला इन्शुलिनोमाचा संशय आहे. रात्रभर उपाशी ठेवू की तीन-चार तास? आणि तेवढा वेळ तिला तुमच्याकडेच ठेवता येईल का?" लक्षणं आणि आजाराचं नाव एका दमात ऐकलं की फोन घेणारा सहसा स्वतःच म्हणतो, थांबा, डॉक्टरांना विचारतो. त्यांनी तरीही रात्रभराचा आग्रह धरला, तर कारण विचारा. मला न सुचलेलं कारण त्यांच्याकडे असू शकतं, आणि तिला तपासून बघितलंय ते त्यांनी, मी नाही. पण "सगळ्यांनाच असं सांगतो" हे कारण झालं नाही. तसं उत्तर आलं तर तपासणी दोन दिवस पुढे ढकलून फेरेट हाताळणारा दुसरा पशुवैद्य शोधायला मी सांगेन. मधल्या दिवसांत तिच्यासमोर खाणं चोवीस तास ठेवा, आणि रात्री एकदा गजर लावून उठवून चार घास खाऊ घाला.

तिचं नेहमीचं खाणं छोट्या डबीत भरून सोबत न्यायला विसरू नका. रक्त काढून झालं, सोनोग्राफी झाली, गुंगी दिली असेल तर ती पुरती उतरली, की तिथेच टेबलावर डबी उघडा. घरी पोचून देऊ, असं नको. परतीची वाटही त्याच उपासात मोजली जाते.